चेहरा कुठाय?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. फॅशन मासिकांची मुखपृष्ठं हल्ली एकाच साच्यातून काढल्यासारखी का दिसतात, त्यांनी जास्त धाडस करायला नको का, आणि आता सगळे मोबाइलवरच बघतात तर या धाडसाला काही अर्थ उरलाय का. मी २२ वर्षं मासिकांमध्ये कला-दिग्दर्शनाचं काम करतेय. या काळात माझ्या हातून गेलेली निम्म्याहून जास्त मुखपृष्ठं त्याच साच्यातली आहेत. तेव्हा हे उत्तर आरोपीच्या पिंजऱ्यातून येतंय असं समजून वाचा.

सरळ उत्तर आधी देते. हो, धाडस करायला हवं. पण बैठकीत कुणी ‘या वेळी काहीतरी हटके करू या’ म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो. हटके म्हटलं की सगळे भर घालायला लागतात. मॉडेलच्या डोक्यावर पक्ष्याचा पिंजरा, मागे धूर, केसांना निळा रंग, वेडीवाकडी अक्षरं. याला पैसे लागतात, धाडस लागत नाही. गळ्यात साप घातलेली बाईसुद्धा शेवटी मधोमध उभी राहून कॅमेऱ्याकडेच बघत असते, वर मासिकाचं नाव असतं आणि डावीकडे मथळे. साचा जुनाच, साप तेवढा नवा.

मुखपृष्ठात किती धाडस आहे हे बघायचं झालं तर मी एकच गोष्ट बघते: मासिकाने हातची कोणती गोष्ट सोडली? चेहरा सोडला, माणूसच सोडला, मथळे सोडले, मोठ्या जाहिरातदाराचा पोशाख सोडला, की काहीच सोडलं नाही?

१९४३ साली अमेरिकन ‘व्होग’मध्ये आयर्विंग पेन नावाचा तरुण कला-दिग्दर्शक अलेक्झांडर लिबरमन यांचा मदतनीस होता. मुखपृष्ठांसाठी कल्पना काढायच्या आणि नावाजलेल्या छायाचित्रकारांपुढे मांडायच्या, हे त्याचं काम. छायाचित्रकार त्या कल्पना फारशा मनावर घेत नसत. तेव्हा लिबरमन म्हणाले, मग तूच काढ फोटो. १ ऑक्टोबर १९४३च्या अंकावर जे आलं त्यात माणूसच नव्हता. एक चामडी पर्स, स्कार्फ, हातमोजे, लिंबं-संत्री आणि एक मोठा पुष्कराज. फॅशनच्या मासिकावर कपडे घालणारी बाईच नाही! आज ते बघताना ‘छान स्टिल लाइफ’, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंचं चित्र, म्हणून आपण पुढे जातो. पण त्या दिवशी त्या टेबलाभोवती बसलेल्यांनी काय पणाला लावलं होतं याचा विचार केला की मला अजून घाम फुटतो.

दुसरं उदाहरण त्याहून टोकाचं. जानेवारी १९५०च्या ‘व्होग’साठी एर्विन ब्लूमेनफेल्ड या छायाचित्रकाराने जीन पॅचेट या मॉडेलचा कृष्णधवल फोटो घेतला आणि त्यातलं जवळजवळ सगळं पुसलं. नाक गेलं, हनुवटीची कड गेली, केस गेले. उरला एक डोळा, त्यावरची भुवई, लाल ओठ आणि एक तीळ. शक्य असेल तर हे मुखपृष्ठ मोठ्या आकारात शोधून बघा. डोळ्याच्या कोपऱ्यातून बाहेर ओढलेली काजळाची रेघ आणि ओठांची कड, एवढ्याच दोन ठिकाणी चित्र खरं ‘धारदार’ आहे. मधल्या रिकाम्या जागेत नाक आपण आपल्या मनाने भरतो. मी नव्याने आलेल्या मुलांना सांगते, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि नसलेलं नाक काढून दाखवा. प्रत्येक जण वेगळं नाक काढतो.

मग आता असं का होत नाही? तुम्हाला वाटतंय, तसा हा कल्पनांचा दुष्काळ नाही. कल्पना ढीगभर असतात. मुखपृष्ठ शूटच्या आधीच, कागदोपत्री ठरलेलं असतं, ही खरी अडचण आहे.

नोव्हेंबर १९८८चा ‘व्होग’चा अंक घ्या, ॲना विंटूर यांचा संपादक म्हणून पहिला. त्याआधीची कित्येक वर्षं तिथे रिचर्ड ॲव्हेडन यांनी काढलेले स्टुडिओतले चेहरे येत होते, जवळून घेतलेले, नीटनेटके, निर्दोष. विंटूर यांनी पीटर लिंडबर्ग यांचा रस्त्यावरचा फोटो घेतला. मिकाएला बर्कू ही मॉडेल चालतेय, केस उडतायत, डोळे अर्धवट मिटलेत. वर क्रिस्तियाँ लाक्रुआ या फॅशन डिझायनरचं रत्नजडित क्रॉस असलेलं महागडं जॅकेट, खाली धुऊन फिकट केलेली जीन्स. जॅकेटसोबत खरं तर स्कर्ट होता. सुट्टीवरून आलेल्या मॉडेलला तो बसेना, म्हणून जीन्स. विंटूर यांनीच पुढे सांगितलंय की छापखान्यातून फोन आला होता: काही चूक झालीय का, हेच मुखपृष्ठ आहे ना?

हा किस्सा सगळे सांगतात, पण त्यातली एक गोष्ट आमच्या धंद्यातल्या माणसालाच टोचते. आज हे जॅकेट आणि ही जीन्स एकत्र येणं फार अवघड आहे. मोठी फॅशन घराणी हल्ली कपडे उसने देताना ‘फुल लुक’ची अट घालतात. म्हणजे आमचं जॅकेट हवं असेल तर खालचं, पायातलं, हातातलं सगळं आमचंच. दुसऱ्याची जीन्स चालणार नाही. त्यात मुखपृष्ठावर मॉडेलऐवजी नटी असेल तर तिचा कुठल्यातरी घराण्याशी सदिच्छादूत म्हणून करार झालेला असतो, दागिन्यांचा वेगळा, सौंदर्यप्रसाधनांचा वेगळा. तिच्या प्रसिद्धी सांभाळणाऱ्यांना मेकअप कोण करणार, केस कोण करणार हे आधी कळवावं लागतं. काही ठिकाणी छायाचित्रकाराच्या नावालाही त्यांची संमती लागते. शूटच्या दिवशी स्टायलिस्टच्या हातात निवड अशी उरतेच किती? बाही दुमडायची की नाही, एवढीच. स्कर्ट बसला नाही तर तो मागून पिना लावून बसवतात.

म्हणून ‘जास्त धाडस करा’ असं छायाचित्रकाराला किंवा मांडणी करणाऱ्याला सांगण्यात फारसा अर्थ नसतो. ते सांगायचं तर करार करणाऱ्याला सांगा. संपादकाने फोनवर ‘फुल लुक मिळणार नसेल तर राहू द्या, आम्ही दुसऱ्याचं घेतो’ म्हणणं हे खरं धाडस. ते कुणाला दिसत नाही, आणि त्याचा फटका पुढच्या तिमाहीच्या जाहिरातींत बसू शकतो.

साच्याचं दुसरं कारण दुकानातल्या मांडणीत आहे. रॅकमध्ये मासिकं एकावर एक सरकवून ठेवतात. दिसते ती वरची पट्टी आणि डावीकडचा साधारण एक तृतीयांश भाग. म्हणून नाव वर, सगळ्यात खपाऊ मथळा डावीकडे, चेहरा वरच्या अर्ध्यात, बारकोड खाली कोपऱ्यात. ही काही सौंदर्यदृष्टी नाही, रॅकची सोय आहे. तरीही वर्षानुवर्षं आम्ही ती सौंदर्याचा नियम म्हणून शिकलो आणि शिकवली.

माझाच एक अनुभव सांगते. मासिकाचं नाव नको. हिवाळी अंकासाठी आम्ही एक पाठमोरा फोटो निवडला होता. मानेपासून कमरेपर्यंत कापडाने मढवलेल्या बारीक बटणांची ओळ, आणि मॉडेलचा हात मागे वळून मधल्या एका बटणाकडे गेलेला. ते एकच बटण उघडं राहिलं होतं. बाईला स्वतःचा पोशाख एकटीने घालता येऊ नये असा पोशाख का शिवतात, हा त्या अंकातला मुख्य लेख होता आणि तो अख्खा लेख त्या एका हातात होता. बैठकीत वितरण सांभाळणाऱ्या गृहस्थांनी फोटो हातात घेतला, सरळ केला, उलटा केला आणि विचारलं, ‘चेहरा कुठाय?’

त्यांना हसू नका. न खपलेल्या प्रती परत येतात आणि त्यांची रद्दी होते. तो आकडा त्यांनाच सहीनिशी द्यावा लागतो, मला नाही. पण पुढे आम्ही जे केलं त्याची मला लाज वाटते. आम्ही दोन मुखपृष्ठं काढली. दुकानांसाठी हसरा चेहरा, वर्गणीदारांसाठी पाठ. वर्गणीदाराने पैसे आधीच भरलेले असतात, त्यामुळे तिथे ‘धाडस’ फुकटात पडतं. हल्ली तर एकाच अंकाची चार-पाच मुखपृष्ठं निघतात आणि त्याला प्रयोगशीलता म्हणतात. काही वेळा त्यामागे खरंच कल्पना असते. एरवी मात्र तो निवड टाळण्याचा मार्ग आहे. पाच घोड्यांवर पैसे लावणाऱ्याला आपण धाडसी म्हणत नाही.

आता फसलेल्या धाडसाबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात धाडस म्हणजे चांगलंच असं गृहीत धरलंय.

पहिली फसगत माझीच. काळ्या मखमलीचा पोशाख, जवळजवळ काळीच पार्श्वभूमी, फक्त गालाच्या हाडावर एक प्रकाशाची चीर. पडद्यावर ते इतकं देखणं दिसत होतं की मी सगळे मथळे काढायला लावले. छपाईच्या प्रुफाच्या वेळी मशीनवरचा माणूस म्हणाला, ‘मॅडम, यात शाई फार बसतेय, मखमल आणि मागचं एक होईल.’ चार शाया मिळून किती थर कागद पेलेल याला मर्यादा असते, त्यापलीकडे गडद भागांतले तपशील बुजतात. त्यात वरून मॅट लॅमिनेशन, म्हणजे चमक नसलेला पातळ थर, त्यामुळे काळा रंग आणखी मंद. मी ऐकलं नाही. मनात ती १९८८ची गोष्ट होती ना, छापखान्याचा फोन आला म्हणजे आपलं बरोबर चाललंय! अंक दुकानात आला तेव्हा रॅकमध्ये एक काळं भोक दिसत होतं आणि त्यावर मासिकाचं नाव. विंटूर यांना आलेला फोन ‘हे असं कुणी करत नाही’ हे सांगणारा होता. मला मिळालेला इशारा ‘हे कागदावर उमटणार नाही’ हे सांगणारा होता. हा फरक कळायला मला एक अख्खा अंक वाया घालवावा लागला.

दुसरी फसगत जास्त गंभीर असते. २०२० साली ‘व्होग पोर्तुगाल’ने वेडेपणा या विषयावर अंक काढला. त्याच्या एका मुखपृष्ठावर रुग्णालयासारख्या खोलीत टबमध्ये बसलेली तरुणी आणि तिच्या दोन बाजूंना दोन परिचारिका होत्या. मानसिक आजाराला जुन्या वेड्यांच्या इस्पितळाचं नेपथ्य दिल्याबद्दल टीका झाली. मासिकाने माफी मागून ते मुखपृष्ठ मागे घेतलं. यात सोडलं काय होतं? काहीच नाही. सुंदर, कृश, तरुण मॉडेल होतीच. भर घातली ती दुसऱ्यांच्या दुखण्याची.

एप्रिल २००८च्या अमेरिकन ‘व्होग’वर ॲनी लीबोवित्झ यांनी काढलेला बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स आणि मॉडेल जिझेल ब्युंडशेन यांचा फोटो होता. त्या मासिकाच्या मुखपृष्ठावर आलेला तो पहिला कृष्णवर्णीय पुरुष, म्हणजे कागदावर केवढं मोठं पाऊल. पण आरोळी ठोकणारा तो आणि त्याच्या हाताच्या विळख्यात हलक्या रंगाच्या पोशाखातली ती, ही रचना बघून अनेकांना किंग काँग आठवला आणि पहिल्या महायुद्धातलं, गोरिलाच्या हातात बाई दाखवणारं सैन्यभरतीचं पोस्टर आठवलं. कुणाला घ्यायचं याबाबत मासिक धीट होतं, उभं कसं करायचं याबाबत बेसावध. अशा वेळी मी खोलीत कोण कोण होतं हे विचारते. ते पोस्टर जिला आठवलं असतं अशी एक व्यक्ती निवडीच्या टेबलाशी असती तर शेजारची दुसरी फ्रेम निवडली गेली असती. शूटमध्ये दुसरी फ्रेम असतेच.

कधी कधी धाडस आणि कच खाणं एकाच फोटोत असतं. मार्च १९६६च्या ब्रिटिश ‘व्होग’वर डोनयाल लूना आली, त्या मुखपृष्ठावरची पहिली कृष्णवर्णीय मॉडेल. छायाचित्र डेव्हिड बेली यांचं. तिने बोटं चेहऱ्यासमोर धरलीयत आणि त्यांच्या फटीतून एक डोळा रोखून बघतोय. फोटो म्हणून अप्रतिम. पण त्या हातामागे तिचं नाक आणि ओठ झाकले गेलेत, आणि ते निव्वळ रचनेसाठी की आणखी कशासाठी, हा वाद आजही होतो. मी तो फोटो गेली कित्येक वर्षं बघतेय. माझं मत दर वेळी बदलतं.

यशस्वी धाडसांत एक सवय मला सारखी दिसते. ती मासिकं एकदाच उडी मारून थांबत नाहीत. फ्रांका सोझानी १९८८ ते २०१६ अशी २८ वर्षं ‘व्होग इटालिया’च्या संपादक होत्या आणि त्यातला बहुतेक काळ मुखपृष्ठं एकाच छायाचित्रकाराने, स्टीव्हन मायझेल यांनी काढली. इटालियन वाचणारे जगात थोडे, मग चित्रांतूनच बोलायला हवं, असा त्यांचा हिशेब होता. जुलै २००८चा अंक त्यांनी कृष्णवर्णीय मॉडेल्सना वाहिला, आणि मागणी इतकी आली की तो पुन्हा छापावा लागला. बाहेरून तो एका महिन्याचा धमाका वाटतो. पण त्यामागे वाचकाला २० वर्षं लावलेली सवय होती. त्याच मासिकाने एप्रिल २०२०मध्ये, सोझानी यांच्या पश्चात, संपूर्ण पांढरं मुखपृष्ठ काढलं. महामारीने इटली बंद होती. पांढऱ्या कागदावर फक्त मासिकाचं नाव. ज्या मासिकाने आधी कधीच काही सोडलं नसतं, त्याने हे केलं असतं तर लोक म्हणाले असते, शूट रद्द झालं वाटतं.

‘आय-डी’चं उदाहरण याच्या उलट टोकाचं आणि माझं लाडकं. टेरी जोन्स ब्रिटिश ‘व्होग’चे कला-दिग्दर्शक होते. तिथून बाहेर पडून त्यांनी १९८०मध्ये हे मासिक सुरू केलं. त्याच्या मुखपृष्ठावरच्या माणसाचा एक डोळा मिटलेला किंवा झाकलेला असतो, कारण मासिकाचं बोधचिन्ह आडवं केलं की डोळा मारणारा हसरा चेहरा दिसतो. नियम एवढाच. पण तो पाळला की बाकी सगळं मोकळं. कोण घ्यायचं, रंग कुठला, अक्षर कुठलं, वाचक तरीही लांबून ओळखतो. एका डोळ्याचं बंधन स्वीकारून त्यांनी रॅकच्या साच्यातून अंग काढून घेतलं.

आणि धाडस म्हटलं की गोंगाटच असतो असंही नाही. एप्रिल २०२३च्या ‘व्होग फिलिपिन्स’वर अपो व्हांग-ओद होत्या, कलिंगा प्रांतात पारंपरिक गोंदण करणाऱ्या, वय १०६. रचना अगदी साधी, जुन्या वळणाच्या व्यक्तिचित्रासारखी. चेहरा आहे, नजर आहे, नियमात बसणारं सगळं आहे. सोडलंय ते फक्त तारुण्य. या धंद्यात चेहरा सोडणं त्यापुढे सोपं.

आता मोबाइल. तुम्ही म्हणता की अंगठ्याएवढ्या चित्रात धाडस करून काय उपयोग. मला उलट वाटतं. पडद्यावर रॅक नाही, म्हणून डावीकडच्या पट्टीचा हट्ट नाही. बारकोड नको. मथळे तसेही त्या आकारात वाचता येत नाहीत, मग ते कुणासाठी ठेवायचे? साच्याची जी जी कारणं मला कामाच्या पहिल्या वर्षी पढवली होती, ती एकेक करून गेली आहेत. मी आजही मुखपृष्ठ खऱ्या आकारात छापून भिंतीवर लावते आणि शेजारी टपाल तिकिटाएवढं करून चिकटवते. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाते. त्या अंतरावरून ब्लूमेनफेल्डचा डोळा आणि ओठ अजून ओळखू येतात. गेल्या दहा वर्षांतली माझी बहुतेक मुखपृष्ठं एकमेकांपासून वेगळी ओळखू येत नाहीत.

तो पाठमोरा फोटोही मी मध्यंतरी असा लावून पाहिला. तिकिटाएवढ्या आकारात बटणांची ओळ एक सरळ रेघ होते आणि वाकडा हात तिला मधोमध छेदतो. दुरूनही नजर तिथेच जाते. हुरूप येऊन मी पुढच्या एका अंकासाठी पुन्हा तसंच, मान वळवलेलं चित्र बैठकीत ठेवलं. वितरणवाले गृहस्थ केव्हाच निवृत्त झालेत. या वेळी समाजमाध्यमं सांभाळणाऱ्या मुलीने फोनवर चित्र मोठं केलं, लहान केलं आणि म्हणाली, ‘मस्त आहे. पण चेहरा कुठाय?’